समेटाची आगाऊ बातमी

१९५३ साली झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी सकाळी, कोल्हापुरातल्या आमच्या चर्चच्या मासिक पत्रकात, तिसऱ्या पानावर, सात ओळींची एक बातमी छापून आली. मंडळीतल्या दोन ज्येष्ठ सभासदांमधला चार वर्षांचा अबोला संपला असून झाल्या प्रकाराबद्दल दोघांनी दिलगिरी व्यक्त केली आहे, आणि येत्या ईस्टरला ते प्रभुभोजनात एकत्र सहभागी होतील, असे तीत म्हटले होते. हा समेट एका तरुण पत्रकाराच्या प्रयत्नाने घडून आला, असे शेवटच्या ओळीत नमूद होते. बातमी खोटी होती. तरुण पत्रकार मी होतो. बातमीही मीच लिहिली होती.

ज्येष्ठ सभासदांपैकी एक माझे वडील. ते मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. दुसरे माझ्या आत्याचे यजमान, शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना आम्ही मास्तरमामा म्हणत असू. ते आणि आत्या कसबा बावड्याच्या रस्त्याला राहत. घरामागे परडे होते आणि परड्यात त्यांनी हाताने लावलेले वेल होते.

भांडण भोपळ्यावरून झाले होते. पावसाळा सरला की आमच्याकडे कापणीचा सण असे. प्रत्येक घराने आपल्या शेतातले किंवा परड्यातले पहिले पीक आणून वेदीपुढे ठेवायचे, आणि उपासना संपली की चर्चच्या आवारात त्याचा लिलाव व्हायचा. माल स्वतःच्या जमिनीतला असावा, एवढी एकच अट. लिलाव बाबा पुकारत, कारण त्यांचा आवाज रस्त्यापलीकडे जाई आणि लोकांना हसवायचे कसे हे त्यांना ठाऊक होते. भांडण झाले त्या वर्षी मास्तरमामांचा भोपळा दोन हातांत उचलून बाबा म्हणाले, “हा मास्तरांच्या परड्यातला. निदान कालपासनं तरी.”

आवार हसले. पाळकसाहेबही हसले. मीही हसलो, पुढे केलेल्या तपासात ही गोष्ट मी कुठेच नोंदवली नाही. मास्तरमामांनी टोपी घातली आणि ते निघून गेले. देवापुढे ठेवलेल्या वस्तूवरून आपल्याला मंडळीदेखत लबाड ठरवले, असा त्यांनी त्याचा अर्थ घेतला. त्यात दुसरा अर्थ नव्हताही.

त्या दिवसापासून दोघे एकमेकांशी बोलेनात. आमच्या मंडळीत रीत अशी होती की ज्याचे कुणाशी वैर असेल त्याने ते मिटल्याशिवाय प्रभुभोजनाला बसायचे नाही. वर्षातून चार वेळा प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी, असे. प्रवचन संपले की हे दोघे उठत, वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडत आणि आवारातल्या चिंचेखाली जाऊन उभे राहत. खोडाच्या एका अंगाला बाबा, दुसऱ्या अंगाला मास्तरमामा. आवारात दुसरी सावली नव्हती. आत भाकर आणि प्याला फिरून होईपर्यंत ते तसेच उभे असत.

बायका उजव्या बाजूला बसत. आत्या कधी उठली नाही. पण भाकरीचे ताट आले की ती त्यातले काही न घेता ते पुढे सरकवी. हे चार वर्षांत कुणाच्या लक्षात आले नव्हते. निरीक्षण हा ज्याचा धंदा होता त्याच्याही नाही.

१९५३ साली लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, सुरुवातीला आत्याच्या पोटात गाठ निघाली. ईस्टरनंतरच्या बुधवारी मिरजेला ऑपरेशन ठरले. मी तिला भेटायला गेलो तेव्हा ती तांदूळ निवडत होती. गाठीबद्दल ती फारसे बोलली नाही. ऑपरेशन करणारा डॉक्टर वयाने लहान आहे आणि त्याचे हात बाईसारखे आहेत, एवढे सांगितले. मग सूप खाली ठेवून म्हणाली, “तिकडं जायच्या आधी ह्या दोघास्नी एकदा प्रभूच्या मेजाला बसलेलं बघू दे मला. तू शिकलेला हायस. तू आण त्यांना.”

बातमीदाराला मिळते तशी नेमणूक समजून मी ते काम घेतले.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि एका स्थानिक दैनिकात उपसंपादक होतो. आमच्या वृत्तसंपादकांनी मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. दोन्ही बाजू घ्याव्यात, आणि स्वतःची घालू नये. त्याच सुमारास पाळकसाहेब येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनावर रविवारमागून रविवार बोलत होते. एका रविवारी ते मनाच्या शुद्धतेवर बोलले, पुढच्या रविवारी शांती करणाऱ्यांवर. मी दोन्ही वेळा लघुलिपीत टिपणे घेतली. टिपणे बिनचूक होती. त्यांवरून मी असे अनुमान काढले की ज्याला कुठलीच बाजू नाही त्याचे मन शुद्ध असते, आणि या हिशेबाने मंडळीत माझ्याइतके शुद्ध मन दुसऱ्या कुणाचे असण्याचा संभव कमी आहे.

मी वही घेऊन आधी बाबांकडे गेलो. ते माझ्याच घरात राहत असल्यामुळे यासाठी स्वयंपाकघरापर्यंत जावे लागले. त्यांनी वहीकडे पाहिले आणि पंचनाम्याला आलास काय, असे विचारले. मग सांगितले ते असे: “बोलू नये ते बोललो, चारचौघांत बोललो, चुकलो. हे त्यांच्या पायाशी बसून सांगीन. पर खोटं बोललो असं म्हणणार न्हाय.”

का म्हणणार नाही, असे मी विचारले.

“पुढं विचारू नको.”

मी वहीत लिहिले: अधिक बोलण्यास नकार.

मास्तरमामांनी मला खुर्ची दिली, माझ्या हातातली वही मागून घेतली, आधीच्या पानावरची माझी एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक दुरुस्त केली आणि वही परत दिली. मग म्हणाले, “भोपळा माझ्या वेलाचा होता. तो खोटे बोलला. तेवढे त्याने म्हणावे. चुकलो वगैरे मला नको. चुकतात ती मुले.”

दोघांची निवेदने शेजारी ठेवली तेव्हा मला प्रश्न सोपा वाटला. भोपळा कुठून आला एवढे सिद्ध झाले की निकाल लागत होता. म्हणून एका सकाळी मी मंडईत गेलो आणि भोपळे विकणाऱ्या बाईला विचारले की, चार वर्षांपूर्वी, कापणीच्या सणाच्या आदल्या दिवशी, बावड्याच्या रस्त्याला राहणाऱ्या मास्तरांनी तिच्याकडून भोपळा नेला होता का. तिने माझे बोलणे पुरते ऐकून घेतले. मग शेजारणीला हाक मारली.

“अगं, ह्या पावण्यांचा चार वर्सांमागं भोपळा हरवलाय म्हणं. तुझ्याकडं हाय काय बघ.”

शेजारीण म्हणाली, असता तर आतापातुर त्याच्या बियांचं परडं झालं असतं. मी आभार मानून निघालो. मागून, पुढच्या साली ये, असा निरोप आला. मी वहीत लिहिले: स्वतंत्र दुजोरा मिळाला नाही.

आत्याला विचारावे असे मला सुचले नाही. ती नेमणूक देणारी होती.

चर्चचे पत्रक आमच्याच दैनिकाच्या छापखान्यात छापले जाई आणि त्यातला बातम्यांचा मजकूर मीच देत असे. झावळ्यांच्या रविवारचा अंक बुधवारी खिळे जुळवायला द्यायचा होता. त्यानंतरचा अंक ईस्टरनंतर तीन आठवड्यांनी. म्हणजे समेट झालाच असता तर त्याची बातमी शिळी होऊन छापली गेली असती. दैनिकात आम्ही निवडणुकीच्या दोन्ही निकालांच्या बातम्या तयार ठेवत असू, आजारी पुढाऱ्यांवरचे मृत्युलेखही. त्यात काही गैर आहे असे कुणी मानत नसे. बाबा चुकलो म्हणायला तयार होते. मामा ऐकून घ्यायला तयार होते, शब्द तेवढा वेगळा हवा होता. शब्द बदलणे हेच तर माझे काम होते. मी ‘चुकलो’ आणि ‘खोटे बोललो’ या दोन्हींच्या जागी ‘दिलगिरी’ घातली आणि ती दोघांनाही वाटून दिली.

मजकूर घेताना छापखान्यातल्या मुसलमान कंपोझिटरनी, ज्यांना सगळे चाचा म्हणत, तो उभ्याउभ्या वाचला. त्यांच्या घराण्यातल्या चार पिढ्या या गावात गेल्या होत्या आणि दोन्ही ज्येष्ठ सभासद त्यांच्या ओळखीचे होते.

“समेट झालाय, का व्हायचाय?” त्यांनी विचारले.

झाल्यात जमा आहे, असे मी सांगितले.

“मग ‘जमा’ घालू का मध्ये?”

मी त्यांना आहे तसे जुळवायला सांगितले. छापण्याआधी मजकूर दोघांना दाखवावा असे एकदा मनात आले होते. दाखवला असता तर तो छापता आला नसता.

रविवारी लोक झावळ्या घेऊन आत आले आणि दारात प्रत्येकाला पत्रक मिळाले. पहिले गीत चालू असताना पाने उलटल्याचा आवाज येत होता. मास्तरमामांनी तिसरे पान वाचले. खिशातून लाल-निळी पेन्सिल काढली, सात ओळींवर लाल रेघ मारली, समासात ‘असत्य’ असे लिहिले आणि पत्रक बाकावरच्या शेजाऱ्याकडे दिले. शेजाऱ्याने ते पुढे दिले. ते तीन बाक फिरून माझ्यापर्यंत आले. तोवर मामा बाहेर गेले होते. बाबांनी पत्रकाची घडी करून गीताच्या पुस्तकात ठेवली आणि दुसऱ्या दाराने तेही गेले. त्या दिवशी प्रभुभोजन नव्हते. तरी दोघे चिंचेखाली उभे होते, असे नंतर समजले.

उपासनेनंतर आत्या मला आवारात भेटली. तिच्या हातात झावळी होती. ती चिडली असती तर बरे झाले असते. ती म्हणाली, “मी तुला त्यांना आण म्हटलं होतं. तू बातमी आणलीस.” मी काही सांगायला लागलो. तिने ऐकले नाही. “आता मिरजेला काय घेऊन जाऊ मी? तुझा कागद?”

त्या दुपारी घरी मामांनी तिला विचारले की, दिलगिरी व्यक्त केल्याचे तुझ्या भाच्याला कुणी सांगितले. तू सांगितलेस काय? चार वर्षांत या विषयावर ते तिच्याशी बोललेले पहिले वाक्य होते ते. त्यानंतर ते तिच्याशीही बोलेनात. पूर्वी दोघांचा एकमेकांशी अबोला होता. आता तो मामांच्या घरातही शिरला होता. एवढे माझ्या प्रयत्नाने घडून आले होते.

सोमवारी पाळकसाहेबांनी मला बोलावले. त्यांनी पत्रक पुढे ठेवले आणि खुलासा विचारला. पुढच्या अंकात दुरुस्ती छापतो, असे मी म्हणालो.

“पुढचा अंक कधी?”

“ईस्टरनंतर.”

“तुमची आत्या मिरजेला कधी जायची?”

त्यांनी गुरुवारच्या संध्याकाळी, प्रभुभोजनाच्या तयारीच्या सभेत, उभे राहून काय ते सांगायला सांगितले. शिवाय, रीत सगळ्यांना सारखीच आहे, तुमच्यामुळे दोन माणसे दुखावली आहेत, तेव्हा हे मिटेपर्यंत तुम्हीही मेजाला बसू नका, असे ते म्हणाले. आवाज चढवला नाही. निघताना चहा दिला.

मी दुरुस्तीचे पाच मसुदे केले. पहिल्यात ‘अनवधानाने’ होते. दुसऱ्यात ‘अपुऱ्या माहितीमुळे’. तिसऱ्यात छापखान्याच्या वेळापत्रकाचा उल्लेख होता. चौथा चांगला उतरला होता, इतका चांगला की तो वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी आले. म्हणून तो फाडला. पाचव्यात चार वाक्ये उरली.

गुरुवारी पन्नासेक माणसे होती. बाबा आणि मामा दोघेही आले होते आणि नेहमीप्रमाणे एकमेकांपासून दूर बसले होते. मी उभा राहिलो आणि वाचले. पत्रकातली समेटाची बातमी खरी नव्हती. लिहिताना ती खरी नाही हे मला ठाऊक होते. दोघांपैकी कुणीही दिलगिरी व्यक्त केली नव्हती. शेवटच्या ओळीतला तरुण पत्रकार मीच, आणि बाकीच्या सहा ओळी त्या ओळीसाठी लिहिल्या होत्या.

मी खाली बसलो. पाळकसाहेब प्रार्थनेला उठणार तेवढ्यात उजव्या बाजूला आत्या उभी राहिली. तिने पदर डोक्यावर ओढून घेतला.

“भोपळा मी मंडईतनं आणलावता,” ती म्हणाली.

ती पुढे जे बोलली ते थोडक्यात असे. वेलाचा भोपळा सणाच्या आदल्या सकाळी तिने उचलला तर खालून तो मऊ लागला. आतून सडला होता. मामा शाळेत होते. उन्हाळ्यापासून ते त्याला पाणी घालत होते आणि कुणी घरी आले की आधी परड्यात नेत होते. त्यांना सांगायचा तिला धीर झाला नाही. तिने तेवढ्याच आकाराचा भोपळा आणून त्या जागी ठेवला आणि सडका म्हशीला घातला. संध्याकाळी गंमत म्हणून भावाला सांगितले. त्याने दुसऱ्या दिवशी ती गंमत लिलावात पुकारली. “तो खोटं बोलला न्हाई. आणि हेबी खोटं बोललं न्हाईत. खोटं माझं. भाऊ चार वर्सं माझ्यापायी गप्प बसला. मी त्या दोघांच्या मागं लपले.”

मास्तरमामा उठून उभे राहिले. वर्गात विचारावे तसे त्यांनी विचारले, “वेलावरून कधी तोडलास?”

“तोडला न्हाई. हातात आला.”

ते बसले. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. ती लहान होती.

दोन्ही बाजू घेतल्या होत्या, मंडईही घेतली होती. जिने मला पाठवले होते आणि जिला सगळे ठाऊक होते तिची बाजू माझ्या वहीत नव्हती. बाबांनी ज्या ठिकाणी अधिक बोलण्यास नकार दिला तिथेच बातमी होती.

शुक्रवारी, गुड फ्रायडेला, मामा एकटेच उपासनेला आले आणि मागच्या बाकावर बसले. घरी ते जेवतात, पण बोलत नाहीत, असे आत्याने सांगितले. ईस्टरला ते येतील असे तिला वाटत नव्हते. मी तो शुक्रवार दुसऱ्याच कामात घालवला. गुरुवारच्या माझ्या निवेदनाचे तिघांनी कौतुक केले होते, आणि चौथा कुणी करतो का याकडे माझे लक्ष होते.

शनिवारी सकाळी मामा सायकल हातात धरून आमच्या दारात आले. दार मी उघडले.

“वडील आहेत का?”

मी आत बोलावले.

“तुझ्याशी काम नाही. तू बाहेर थांब.”

मी बाहेर थांबलो. ते आत साधारण पाऊण तास होते. आत काय बोलणे झाले याला दुजोरा मिळू शकलेला नाही. मामा गेल्यावर मी बाबांना विचारले. ते म्हणाले, “चहा घेतला.”

ईस्टरच्या सकाळी बाबा आणि मामा पुरुषांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर शेजारी बसले. मी पाचव्या बाकावर होतो. प्रवचन संपता संपता पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिले आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की मी मंडळीपुढे कबुली दिली होती, त्या दोघांची क्षमा मागितलीच नव्हती. गुरुवारी सगळे ऐकतच होते, त्यात तेही आले, असे मी धरून चाललो होतो. मी उठून बाहेर गेलो. चिंचेखाली मी एकटाच होतो.

तिथून उघड्या खिडकीतून तिसरा बाक दिसत होता. ताट आले तेव्हा मामांनी भाकर घेतली आणि ताट बाबांकडे दिले. बाबांनी घेतली. बायकांची बाजू खिडकीतून दिसत नव्हती, त्यामुळे आत्याने हात पुढे केला की नाही हे मी पाहिलेले नाही. केला, असे तिने नंतर सांगितले.

सोमवारी मी मामांकडे गेलो. निवेदन लिहून आणले आहेस का, असे त्यांनी विचारले. नाही म्हणालो. “मग बोल.” मी बोललो, दोन वाक्ये झाली असतील आणि दुसरे अर्धवट राहिले. त्यांनी बसायला सांगितले. बाबांना घरी येऊन तेच सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि मिरजेची सकाळची गाडी किती वाजता आहे ते विचारले.

आत्याचे ऑपरेशन बुधवारी सकाळी झाले. डॉक्टरांनी गाठ काढली. दुपारी ती शुद्धीवर आली तेव्हा बाबा आणि मास्तरमामा दोघेही खोलीत होते. तिने पाणी मागितले. संध्याकाळपर्यंत द्यायचे नाही, असे दोघांनी एकदमच सांगितले.